दख्खनच्या नकाशावर पहिला डाव: नवख्यांसाठी 'युरोपा युनिव्हर्सालिस ४'

'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा खेळ स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने ऑगस्ट २०१३ मध्ये बाजारात आणला. ११ नोव्हेंबर १४४४ पासून १८२१ च्या आरंभापर्यंत, म्हणजे सुमारे पावणेचारशे वर्षे, जगातील कोणतेही एक राज्य त्यात आपल्या हाती येते. उरलेली शेकडो राज्ये संगणक चालवतो आणि काळ एकेका दिवसाने पुढे सरकतो. जिंकलो असे जाहीर करणारी ठाम रेषा या खेळात नाही. गुणांची एक यादी असते, पण तिच्याकडे फारसे कोणी बघत नाही.

सांगली-मिरजेकडे आणि साताऱ्यात हा खेळ नव्याने घेणाऱ्यांच्या दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिल्या काही संध्याकाळी काहीच कळत नाही, ही एक. आणि कळू लागते तोवर नकाशावर भलतेच होऊन बसलेले असते, ही दुसरी. पहिल्या तक्रारीवर उपाय सोपा आहे आणि तो पुढे येतोच. या लेखाचा मुख्य भर मात्र दुसरीवर आहे, कारण या खेळातील बहुतेक अनपेक्षित निकाल कोणत्या तरी नियमाचे फळ असतात आणि तो नियम मागे जाऊन शोधण्याची सवय लागली की खेळ शिकवायला वेगळा गुरू लागत नाही.

खेळ घेताना

यंत्राबद्दल फार काळजी करू नये. खेळ दहा वर्षांहून जुना असल्यामुळे साधा लॅपटॉपही तो चालवतो. मात्र डावात दोन-अडीच शतके उलटली की महिने सावकाश सरकू लागतात, हे गृहीत धरावे. मूळ खेळासोबत विस्तारांची, म्हणजे डीएलसींची, मोठी रांग विक्रीला आहे. ती पाहून बिचकू नये आणि सगळी एकदम विकतही घेऊ नये. आधी मूळ खेळ घ्यावा, त्यावर एक डाव काढावा आणि मग सर्व विस्तार महिन्याच्या वर्गणीवर मिळतात त्याचा एखादा महिना घेऊन बघावा. आपल्याला त्यातल्या त्यात उपयोगी पडेल तो २०१८ चा 'धर्मा', कारण तो हिंदुस्थानवर बेतलेला आहे.

सुरू करण्यापूर्वी सेटिंगमध्ये दोन गोष्टी कराव्यात. आपोआप सेव्ह होण्याचा काळ वर्षाला एकदा असा ठेवावा, म्हणजे वीज गेली तरी फार नुकसान होत नाही. दुसरे, 'आयर्नमॅन' हा प्रकार पहिल्या डावात बंद ठेवावा. आयर्नमॅनमध्ये एकच सेव्ह राहतो आणि मागे जाता येत नाही. जाणकार त्याची शिफारस करतात आणि ती रास्तही आहे, पण नवख्याला मागचे डाव उघडून बघता येणे जास्त मोलाचे असते. दर दहा वर्षांनी वर्षाचे नाव देऊन एक वेगळा सेव्ह करून ठेवावा. हे सेव्ह हरलेले युद्ध पुसून पुन्हा खेळण्यासाठी ठेवायचे नाहीत. त्यांचा उपयोग पुढे, निकालाचे मूळ शोधताना होतो.

कोणते राज्य घ्यावे

मराठ्यांचे राज्य घेऊन सुरुवात करावी असे कोणालाही वाटेल, साताऱ्याच्या माणसाला तर वाटणारच. पण १४४४ मध्ये ते राज्य नकाशावर नाही. कृष्णा-कोयनेचा सारा मुलुख तेव्हा बहामनी सुलतानांकडे होता. बीदरच्या तख्तावर दुसरा अलाउद्दीन अहमदशाह होता आणि तुंगभद्रेपलीकडे विजयनगरात दुसरा देवराय राज्य करीत होता. आदल्याच वर्षी, १४४३ मध्ये, या दोघांची रायचूर दुआबावरून, म्हणजे कृष्णा-तुंगभद्रेमधल्या पट्ट्यावरून, लढाई झाली होती. उत्तरेला खानदेश, माळवा आणि गुजरात, पूर्वेला ओरिसाचे गजपती. खेळ सुरू होतो तो ही मांडणी घेऊनच. मराठे, राजपूत, ब्राह्मण, जैन हे मुलुखानुसार दरबारातील वर्ग म्हणून समोर येतात आणि त्यांना काय द्यायचे, काय नाकारायचे हे आपल्याला ठरवावे लागते.

परदेशी मार्गदर्शक नवख्याला ऑटोमन, पोर्तुगाल किंवा कॅस्टिल यांपैकी एक घ्यायला सांगतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण ही राज्ये बळकट आहेत आणि त्यांना चुका पचतात. आपल्या वाचकाला मात्र मी बहामनी राज्य घ्यायला सांगेन. तेही या भागातील बड्या राज्यांपैकी आहे, शिवाय त्याचा नकाशा आपल्या डोक्यात आधीपासून असतो. अनातोलियातील कोणती खिंड कोठे उघडते हे आपल्याला पाठ करावे लागते. सह्याद्री कोठे चढायचा आणि कृष्णा कोठे ओलांडायची हे कोणी सांगावे लागत नाही. नवख्याचा अर्धा गोंधळ नकाशाचा असतो आणि तो असा वाचतो. राजा मुसलमान आणि प्रजा बहुसंख्येने हिंदू असल्यामुळे असंतोष म्हणजे काय हेही हे राज्य लवकर शिकवते.

पहिला तास वेळ थांबवून

काळाचे पाच वेग आहेत आणि स्पेसबार दाबला की काळ थांबतो. पहिला तासभर काळ पुढे नेऊच नये. नकाशाचे निरनिराळे प्रकार एकेक करून उघडावेत: राजकीय, भूप्रदेशाचा, धर्माचा, व्यापाराचा. मग आपल्या राज्याचे पान उघडून महिन्याचा जमाखर्च पाहावा. खर्चाच्या बाजूला सैन्य, किल्ले आणि सल्लागार या तीन ओळी बहुतेक पैसा खातात. शांततेच्या काळात आतल्या मुलखातील किल्ल्यांची शिबंदी कमी करून ठेवता येते; नव्या खेळाडूच्या हे लक्षात येत नाही आणि तो उगीच कर्जात जातो.

त्यानंतर तीन प्रतिस्पर्धी निवडावेत. विजयनगर त्यात येईलच. मग शेजाऱ्यांपैकी ज्याचे आणि आपले शत्रू एकच आहेत, अशा एखाद्याशी मैत्रीचा करार करावा. करारांची संख्याही मर्यादित असते. चारच्या आसपास संबंध विनादंड ठेवता येतात, म्हणून दूरच्या आणि निरुपयोगी मित्रांवर ती जागा दवडू नये. तीन सल्लागार परवडतील तेवढ्याच दर्जाचे घ्यावेत. मोहिमांचे पान उघडले की खेळ स्वतःच पुढची दिशा सुचवतो. पहिल्या डावात ती मुकाट्याने मानावी. एवढे झाले की स्पेसबार पुन्हा दाबावा आणि तिसऱ्या वेगावर चालावे. पाचवा वेग केवळ वर्षे ढकलायची असतात तेव्हाचा आहे.

तीन प्रकारचे गुण

पैसा आणि माणसे कमी पडली तर कर्ज आणि भाडोत्री फौज हे मार्ग असतात. राजाकडून येणाऱ्या गुणांचे तसे नाही. प्रशासकीय, राजनैतिक आणि लष्करी असे हे तीन प्रकार आहेत. प्रत्येक प्रकारात दरमहा तीन गुण मुळातच मिळतात. त्यात राजाची कुवत शून्य ते सहा आणि सल्लागाराचा दर्जा एक ते पाच यांची भर पडते. तंत्रज्ञानाच्या एका पायरीची मूळ किंमत सहाशे गुण आहे. जिंकलेला मुलुख पक्का आपला करणे, राज्याचे स्थैर्य वाढवणे, एखाद्या प्रांताचा विकास करणे, सेनापती नेमणे, सगळे याच गुणांतून होते.

ऊसवाल्याने पाण्याच्या पाळीचा हिशेब ठेवावा तसा हा हिशेब ठेवावा लागतो: पाळी आपल्या हातात नसते, आले ते पाणी कोणत्या वाफ्याला हे ठरवणे हातात असते, आणि साठवून ठेवण्यालाही वरची मर्यादा असते. नवखा खेळाडू बहुधा प्रशासकीय गुणांत मार खातो, कारण मुलुख जिंकण्यात सारे लक्ष लागते आणि तो पचवण्यापुरते गुण शिल्लक नसतात. न पचलेल्या मुलखाचा आकडा शंभर टक्क्यांपलीकडे गेला की बंडे आणि अरिष्टे सुरू होतात. म्हणून युद्ध जाहीर करण्याआधी खजिना पाहतो तसे प्रशासकीय गुणही पाहावेत.

पहिले युद्ध

कारण नसताना युद्ध पुकारले तर राज्याचे स्थैर्य घसरते. त्यासाठी आधी वकील पाठवून शेजाऱ्याच्या मुलखात हेरांचे जाळे विणावे आणि ते पुरेसे झाले की एखाद्या प्रांतावर हक्क सांगावा. युद्ध जाहीर करण्याच्या खिडकीत शत्रूच्या बाजूने कोण उतरणार याची यादी असते. ती वाचल्याशिवाय बटण दाबू नये. खानदेश एकटा असेल तर पहिले युद्ध त्याच्याशी करावे. त्याच्यामागे गुजरात उभा असेल तर थांबावे.

लढाईत दोन्ही बाजूंना शून्य ते नऊ अंकांचा फासा पडतो आणि तो दर तीन दिवसांनी नव्याने टाकला जातो. हल्ला करणाऱ्याच्या फाशातून डोंगराळ प्रदेशात दोन, टेकड्यांवर किंवा जंगलात एक आणि नदी ओलांडून आल्यास आणखी एक अंक वजा होतो. हे आकडे किरकोळ वाटतात, पण आपल्याकडच्या माणसाने ते किरकोळ समजू नयेत. खेळ सुरू होतो त्यानंतर नऊच वर्षांनी, १४५३ मध्ये, बहामनी सेनापती मलिक-उत्-तुज्जार शिर्क्यांच्या मागे खेळण्याच्या, म्हणजे पुढच्या विशाळगडाच्या, बाजूच्या रानात शिरला आणि त्याचे सैन्य तेथे कापले गेले. जावळीत १० नोव्हेंबर १६५९ रोजी काय झाले हे तर साताऱ्यात कोणाला सांगायलाच नको. शत्रूला डोंगरात आपल्यावर येऊ द्यावे आणि आपण मात्र त्याला पठारावर गाठावे, हा धडा खेळात फाशाच्या वजाबाकीतून मिळतो, एवढाच फरक. सैन्य हलवताना प्रांतावर बाण नेऊन थांबले की भूप्रदेशाचा दंड दिसतो. प्रत्येक लढाईपूर्वी तो पाहावा.

सगळे सैन्य एकाच प्रांतात कोंबू नये. प्रत्येक प्रांत ठरावीक फौजच पोसू शकतो. त्यावर माणसे गेली की दर महिन्याला ती न लढताच मरतात. वेढ्याच्या वेळी हा दंड सर्वांत जास्त जाणवतो. किल्ल्याजवळून सैन्याला सरळ पुढे निघून जाता येत नाही; तो घ्यावाच लागतो आणि वेढ्याचा फासा महिन्याभराने एकदा पडतो. औरंगजेबाच्या बादशाही फौजेला साताऱ्याचा किल्ला घ्यायला डिसेंबर १६९९ पासून एप्रिल १७०० पर्यंत थांबावे लागले, आणि खेळातही एका बऱ्या किल्ल्यावर तेवढा, कधी त्याहून जास्त वेळ जातो. तोफा हाती येईपर्यंत किल्ल्यांची रांग असलेल्या शत्रूवर जाणे टाळलेले बरे.

तह: सगळ्यात जास्त डाव येथे बिघडतात

युद्ध जिंकल्यावर तहाच्या खिडकीत मिळेल तेवढा मुलुख मागण्याचा मोह होतो. प्रत्येक घेतलेल्या प्रांतागणिक आसपासच्या राज्यांच्या मनात आपल्याविषयी धास्ती वाढते. खेळात तिला 'अॅग्रेसिव्ह एक्सपान्शन' म्हणतात आणि खेळाडू तिला नुसते 'एई' म्हणतात. जवळच्या आणि ज्याचा मुलुख घेतला त्याच्याच धर्माच्या राज्यांत ती जास्त चढते, दूरच्या आणि परधर्मी राज्यांत कमी. एखाद्या राज्याचा हा आकडा पन्नासच्या वर गेला आणि त्याचे आपल्याविषयी एकूण मतही वाईट असले, की ते आपल्याविरुद्धच्या युतीत जाऊ शकते. आकडा आपोआप ओसरतो, पण वर्षाला दोनच्या आसपास, म्हणजे फार सावकाश.

सांगलीत महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाच्याचा डाव या जागी कसा उलटला ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. त्याने बहामनी घेतले होते आणि माळव्याशी झालेले युद्ध एकतर्फी जिंकले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत गुजरात, खानदेश, जौनपूर आणि दिल्ली एकदम त्याच्यावर चालून आले.

"मामा, ह्यांच्यातल्या एकाशीपण मी भांडलो नाही ओ. मग हे सगळे एकदम कसे काय उठले?"

"शेवटचा तह कोणाशी केलास?"

"माळव्याशी."

"किती घेतलंस?"

"जेवढं देत होते तेवढं."

ठेवलेला जुना सेव्ह आम्ही उघडला. तहावर सही होण्याच्या आदल्या दिवशी गुजरातेचा आकडा तिशीत होता आणि सही झाल्यावर तो सत्तरीत गेला. त्या तहाच्या खिडकीतच, प्रांतावर बाण नेला असता, कोण किती बिथरणार हे खेळ आधी सांगत होता. माळवा स्वतः मात्र त्या युतीत नव्हता, कारण त्याच्याशी तहाची मुदत चालू होती आणि मुदतीत त्याला युतीत जाता येत नाही. ही मुदत किती घेतले त्यावर ठरते आणि पाच ते पंधरा वर्षे चालते.

यातून तहाची रीत निघते. एका तहात दोन-तीन प्रांत घ्यावेत, बाकी पैसा आणि मानहानी यांवर भागवावे. पुढचे युद्ध दुसऱ्या दिशेला करावे, म्हणजे उत्तरेकडचे राज्यकर्ते थंड होईपर्यंत ओरिसाकडे बघावे. ज्याचा आकडा पन्नासच्या काठावर आहे त्याच्याकडे वकील पाठवून संबंध सुधारत राहावे. मत चांगले असेल तर धास्ती असूनही तो युतीत जात नाही. धास्तीचा नकाशा स्वतंत्रही पाहता येतो आणि तहापूर्वी तो उघडण्याची सवय लावावी.

राजा मरतो तेव्हा

येथे मात्र निव्वळ नशीब आहे. राजा कधी मरेल, वारस कसा निघेल, निघेल की नाही, हे फाशावर आहे. वारस पंधरा वर्षांखालचा असेल तर कारभार पंचांकडे जातो आणि त्या काळात आपण होऊन युद्ध पुकारता येत नाही. खऱ्या बहामनी इतिहासातही १४६१ मध्ये हुमायून शाह वारला तेव्हा गादीवर आलेला निजामशाह लहान मूल होता आणि राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गवान यांनी मिळून राज्य चालवले. खेळाडूने हा काळ वाया गेला असे समजू नये. कर्ज फेडावे, प्रांत सुधारावेत, तंत्रज्ञान गाठावे. राजा साठीकडे झुकला आणि वारस लहान असेल तर मोठे युद्ध सुरू करू नये, एवढी खबरदारी पुरते.

अनपेक्षित निकालाचे मूळ शोधणे

आता ज्या भागासाठी सेव्ह ठेवायला सांगितले त्याकडे येऊ. शेजारी एक साधी वही ठेवावी आणि नकाशावर काही विचित्र दिसले की वर्ष लिहून ठेवावे. मग मागच्या दहा वर्षांचा सेव्ह उघडून लेजर पाहावे. लेजरमध्ये प्रत्येक राज्याचे उत्पन्न, सैन्य आणि मनुष्यबळ यांचे तक्ते असतात. आधी हे बघावे की त्या घटनेत कोणाचा फायदा झाला. मग हे, की ज्याचे नुकसान झाले त्याचे त्या वर्षी काय कमी होते, पैसा, माणसे की मित्र. आणि शेवटी हे, की ती उणीव कोणत्या निर्णयातून आली. बऱ्याचदा तो निर्णय आपलाच असतो आणि घटनेच्या बराच आधीचा असतो.

भाच्याच्या डावात पुढे झाले ते या पद्धतीने चांगले उलगडते. उत्तरेच्या युतीशी तो झुंजत असताना विजयनगराने रायचूरवरून युद्ध पुकारले, आणि १४९० उजाडेपर्यंत आपला सारा कृष्णाकाठ, मिरजेपर्यंत, विजयनगराच्या रंगात रंगला होता. वास्तवात त्याच वर्षी विजापूर आणि अहमदनगर बहामनींपासून फुटून निघत होते. भाच्याची समजूत अशी की विजयनगरही युतीत सामील झाले. तपासल्यावर तसे निघाले नाही. माळव्यातील प्रांतांची धास्ती परधर्मी विजयनगराला तितकीशी वाटलीच नव्हती. त्याचा आकडा पन्नासच्या बराच खाली होता. लेजरमध्ये मात्र बहामनींचे मनुष्यबळ शून्यावर आलेले दिसत होते. विजयनगर हे घोषित प्रतिस्पर्धी होते, रायचूरवर त्याचा डोळा होता आणि समोरचा थकलेला होता, एवढे त्याला पुरले. म्हणजे उत्तरेची चढाई आणि दक्षिणेची चढाई दोन वेगळ्या नियमांतून आली होती आणि दोघींचे मूळ माळव्याच्या एकाच तहात होते. युतीवर उपाय कमी मुलुख घेणे हा होता. विजयनगरावर उपाय मनुष्यबळ राखणे आणि दक्षिण सीमेवर फौज उभी ठेवणे हा होता. दोन्हींची गल्लत केली असती तर पुढच्या डावात तेच पुन्हा झाले असते.

या डावात आणखी एक गंमत आहे. इतिहासात २३ जानेवारी १५६५ रोजी विजयनगराचा पराभव झाला तो अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर एकत्र आले म्हणून. युती व्हायला धास्तावलेली अनेक राज्ये लागतात. बहामनी राज्य फुटले नसते तर विजयनगरासमोर युती उभी राहायला दख्खनेत चौघे होते कोठे? खेळात बहामनी एकसंध राहिले म्हणजे विजयनगर वाचते, हे प्रथम उलटे वाटते, पण नियम लावून पाहिले की पटते.

दूरच्या घटनांनाही हाच न्याय लावावा. पोर्तुगीज १४९८ ला कालिकतला आले आणि १५१० ला त्यांनी गोवा घेतला. खेळात ते कधी पन्नास वर्षे उशिरा येतात, कधी येतच नाहीत. संगणकाच्या पोर्तुगालला एवढ्या दूर पोहोचण्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एकापुढे एक ठाणी लागतात आणि ती ठाणी कॅस्टिलशी झालेल्या एखाद्या युद्धात अडकली की सगळेच लांबते. कोकणपट्टीवर फिरंगी न दिसण्याचे कारण आयबेरियात सापडावे, यात खेळाची खरी गोडी आहे.

खेळाचा नियम आणि इतिहास जेथे जुळत नाहीत

काही निकाल मात्र कितीही मागे गेले तरी इतिहासाच्या अंगाने पटणार नाहीत, कारण तेथे नियमच तसा केलेला आहे. व्यापाराच्या नकाशावरील बाण कायमचे ठरलेले आहेत. आपल्याकडचा माल होर्मुझ, एडन आणि आफ्रिकेचा किनारा अशा वाटांनी अखेर व्हेनिस, जिनोआ आणि इंग्लिश चॅनलकडेच वाहतो. अर्धे जग जिंकून बीदरला राजधानी केली, तरी हा प्रवाह दाभोळकडे वळत नाही. माझ्या मते खेळातील हा सर्वांत लंगडा भाग आहे आणि नवख्याने त्यावर डोके फोडण्यापेक्षा आपल्या टप्प्यातील व्यापारकेंद्रावर व्यापारी बसवून वसुली करावी.

तंत्रज्ञानाचेही थोडे तसेच आहे. १४५० च्या सुमारास प्रबोधन, १५०० ला वसाहतवाद, १५५० ला छापखाना अशा संस्था ठरावीक काळाने उगवतात आणि त्या पसरत आपल्यापर्यंत येईस्तोवर प्रत्येक नवे तंत्रज्ञान महाग होत जाते. प्रबोधन इटलीतच उगवते. यावर उपाय आहे: एका सुपीक प्रांतात तिन्ही प्रकारचे गुण ओतून त्याचा विकास करत नेला की ती संस्था तेथे स्वतंत्रपणे रुजते. हे महाग पडते, पण एकदा केले की पुढची पन्नास वर्षे शेजाऱ्यांवर मात करता येते.

डाव कोठे थांबवावा आणि पुढे काय

पहिला डाव १८२१ पर्यंत नेण्याची गरज नाही. शेवट गाठणारे थोडेच असतात. एक गंमत म्हणून सांगायचे तर त्या वर्षी साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते आणि पेशवाई बुडून तीन वर्षे झाली होती. खेळात तेथवर पोहोचलेल्या नकाशाचा याच्याशी काही संबंध उरलेला नसतो. १५५० किंवा १६०० पर्यंत गेले की खेळाची बहुतेक अंगे पाहून होतात. शेजारी कोणी तोडीस तोड उरला नाही, की डाव सोडून द्यायला हरकत नाही.

दुसरा डाव त्याच तारखेला, पण विजयनगर घेऊन खेळावा. तोच रायचूर, तीच कृष्णा, आणि पहिल्या डावात ज्याच्या हल्ल्याने चकित झालो त्याच्या जागी आता आपण. वही तीच चालू ठेवावी. यानंतर ज्याला माणसांच्या, घराण्यांच्या आणि वारसांच्या कथेत रस वाटेल त्याने 'क्रुसेडर किंग्ज ३' घ्यावा. त्यात ८६७ चा आरंभ घेतला तर दख्खनेत राष्ट्रकूटांचा काळ मिळतो आणि १०६६ चा घेतला तर कल्याणीच्या चालुक्यांचा. कारखाने, मजूर आणि बाजारभाव यांत ज्याला गती आहे त्याला १८३६ ते १९३६ या शतकाचा 'व्हिक्टोरिया ३' जास्त रुचेल. युरोपा मालिकेचा पाचवा भाग २०२५ मध्ये आला असून तो १३३७ पासून, म्हणजे बहामनी राज्य स्थापन होण्याच्या दहा वर्षे आधीपासून, सुरू होतो; पण तो यंत्रावरही आणि खेळाडूवरही जास्त भार टाकतो, तेव्हा चौथ्या भागात तहाची खिडकी नीट वाचता येऊ लागल्यावरच त्याला हात घालावा.